होकार देणाऱ्या डॉक्टरचं ऐकू, की नकार देणाऱ्याचं?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत) : पत्रलेखिकेचं वय ३६. नोकरी करतात, चार वर्षांपूर्वी लग्न झालं. २९व्या वर्षी नाकावरचा उंचवटा काढायला पहिलं ऑपरेशन केलं. ३१व्या वर्षी नाकाचा शेंडा 'नीट' करायला दुसरं. मग डोळ्यांखाली आणि ओठांत फिलर (भराव देणारी इंजेक्शनं), ३४व्या वर्षी हनुवटीत इम्प्लांट. दर वेळी दोन-तीन महिने फार छान गेले, नंतर दुसरं काहीतरी खुपायला लागलं. आता उजवी नाकपुडी डावीपेक्षा वर चढल्यासारखी दिसते. दुसरं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी तपासून 'मी तिसरं करणार नाही' असं सांगितलं आणि एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. हा अपमान त्यांच्या फार जिव्हारी लागला. दुसऱ्या एका क्लिनिकने पंधरा मिनिटांत होकार दिला, महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलतही देऊ केली. कर्ज मंजूर झालंय. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. हनुवटीच्या वेळी तो चिडून म्हणाला होता, 'तुला याचं व्यसन लागलंय.' त्या लिहितात : 'शरीर माझं, पैसे माझे. आणि हे शेवटचंच. मला फक्त एवढंच सांगा, नकार देणाऱ्या डॉक्टरचं ऐकू की होकार देणाऱ्याचं?'

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं, म्हणून ते आधी देते. नकार देणाऱ्याचं ऐका. महिनाअखेरपर्यंत कुठेही पैसे भरू नका आणि मंजूर झालेलं कर्ज उचलू नका.

पण एवढंच लिहून थांबले तर तुम्ही मलाही त्या नकार देणाऱ्यांच्या यादीत टाकाल आणि आणखी कुणाला तरी विचाराल. तुमच्या पत्राचा सूर तसा आहे. म्हणून जरा सविस्तर बोलते. मी डॉक्टर नाही, पत्रावरून कुणाला आजाराचं नाव चिकटवायचा मला अधिकार नाही आणि तुमचं नाक मी पाहिलेलं नाही. (पाहिलं असतं तरी ती नाकपुडी माझ्या लक्षात आली असती का, शंकाच आहे. त्यावर पुढे येते.)

आधी ते दोन डॉक्टर. ज्यांनी नकार दिला त्यांनी हातात आलेली फी सोडली. शिवाय जुनी पेशंट दुखावली, ती बाहेर जाऊन काय बोलेल याचाही धोका पत्करला. ज्यांनी होकार दिला त्यांना होकाराचेच पैसे मिळणार आहेत. होकार देणारा प्रत्येक डॉक्टर लबाड असतो असं मी अजिबात म्हणत नाही. पण एक मत देणाऱ्याला ते महागात पडलं आणि दुसरं देणाऱ्याच्या ते फायद्याचं आहे, एवढं तरी तागडीत टाकाल की नाही? आणि त्या सवलतीचं मला राहून राहून नवल वाटतं. भूल देऊन नाक उघडायचं, कूर्चा (नाकाला आकार देणारी लवचीक ऊती) कापायची, पुन्हा बांधायची, या कामाला महिनाअखेरची मुदत कशासाठी? ही घाई तुमच्या नाकाला नक्कीच नाही.

तिसऱ्यांदा नाक उघडणं पहिल्या वेळेसारखं नसतं, हे त्या पंधरा मिनिटांत तुम्हाला कुणी सांगितलं का? पत्रात तसा उल्लेख नाही. दर ऑपरेशननंतर आत व्रणाच्या घट्ट ऊती तयार होतात, थर एकमेकांना चिकटतात, सर्जनला वाट काढणं अवघड होत जातं. आधाराला लागणारी कूर्चा सहसा नाकाच्या मधल्या पडद्यातून घेतात. ती आधीच वापरली गेली असेल तर कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. आधार कमी पडला तर नाक मध्येच खचू शकतं, श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. हे सगळं तुम्ही म्हणता त्या 'साधारण एका मिलिमीटर'साठी. जखम भरताना ऊती आकसतात, त्या आकसण्यातसुद्धा एवढा फरक पडू शकतो. म्हणजे डाव्याउजव्याचा हिशेब जुळवायला जायचं आणि नवा फरक घेऊन परतायचं, हे अगदी शक्य आहे. तुमच्या सर्जनना ते ठाऊक होतं. त्यांनी तुम्हाला हाकललं नाही, तुमचं नाक वाचवलं, असं मला वाटतं.

(ज्यांचं पहिलंच ऑपरेशन नुकतं झालंय अशा वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. नाकाची सूज पूर्ण उतरायला साधारण वर्ष लागतं, शेंड्याची सगळ्यात शेवटी उतरते. म्हणूनच दुरुस्तीचं ऑपरेशन सहसा बारा महिन्यांच्या आत करत नाहीत. दुसऱ्याच महिन्यात 'बिघडलं' म्हणून दुसरा सर्जन शोधायला निघू नका.)

आता अपमानाकडे येते. समजा पोट दुखतंय म्हणून तुम्ही पोटाच्या सर्जनकडे गेलात. त्यांनी तपासून सांगितलं, 'पोट ठीक आहे, दुखणं हृदयाकडून येतंय, तिकडे जा.' तुम्ही रात्रभर रडला असता? उलट, वेळेवर सांगितलं म्हणून हात जोडले असते. इथे फक्त 'हृदय'च्या जागी 'मन' आलं आणि तेवढ्यावरून सल्ल्याचा अपमान झाला. 'मला वेडी ठरवलं' असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. ते डॉक्टर तसं काही बोलल्याचं मात्र एकदाही लिहिलेलं नाही.

त्यांच्या मनात काय असावं याचा मी अंदाज करू शकते. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाचा एक आजार आहे. इतरांना जो दोष दिसतच नाही किंवा अगदी किरकोळ दिसतो, तो माणसाला आरशात अक्राळविक्राळ दिसतो आणि दिवसाचे तास खातो. एन्रिको मोर्सेली या इटालियन मानसोपचारतज्ज्ञाने १८९१मध्येच अशा माणसांचं वर्णन करून ठेवलंय. तेव्हा सेल्फी नव्हते, फिलर नव्हते, सवलती तर नव्हत्याच. आजाराचं खापर फक्त फोनवर फोडता येत नाही ते यामुळे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या वर्गीकरणात तो ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, कुटुंबात ठेवला. कुलूप लागलं की नाही हे वीस वेळा तपासणारा माणूस आणि नाकपुडी वीस वेळा तपासणारा माणूस, हे एकमेकांचे भाऊबंदच. शंभरात साधारण दोघांना हा आजार असतो, बायकांइतकाच जवळजवळ पुरुषांनाही. कॉस्मेटिक सर्जरीच्या दवाखान्यांत मात्र त्याचं प्रमाण बरंच जास्त सापडतं. जाणकार सर्जन म्हणूनच सावध असतात : या आजारात ऑपरेशनने सहसा आराम पडत नाही. ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालं तरी चिंता तिथेच राहते, नाहीतर बिऱ्हाड बदलून शेजारच्या अवयवावर जाते.

तुम्हाला हा आजार आहे असं मी म्हणत नाही. पण मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत जे विचारतात त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तुम्ही न विचारता पत्रात लिहून पाठवली आहेत. दिवसातला किती वेळ यात जातो? ऑफिसला निघण्यापूर्वी चाळीस मिनिटं, रात्री फोनवरचे फोटो मोठे करून बघण्यात 'तासभर तरी', असं तुम्ही लिहिता. रोज एका तासावर गेलं की तज्ज्ञ त्याची दखल घेतात. त्यापायी काय काय टाळलं जातं? मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, मैत्रिणीच्या घरच्या कार्यक्रमात फोटो निघताना दरवाज्यामागे. आणि ती मुलाखत. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

नवऱ्याने वापरलेला 'व्यसन' हा शब्द तुम्हाला फार लागलाय. वैद्यकशास्त्रात 'सर्जरीचं व्यसन' असं अधिकृत निदान नाही, त्यामुळे तो शब्द तुम्ही परत करू शकता. पण त्याने जे पाहिलं ते खोटं नाही. अस्वस्थता साठत जाते, तारीख ठरते, तारीख ठरल्या क्षणापासून हलकं वाटायला लागतं, दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा पहिल्यापासून. तुम्हीच लिहिलंय की सगळ्यात शांत झोप 'ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात' लागते. हे वाक्य वाचून मी थबकले. आदल्या आठवड्यात नाक तेच असतं की! म्हणजे आराम नव्या नाकाने दिलेला नाही. 'आता काहीतरी होणार' या भावनेने दिलाय. मग ती भावना मिळवायला दर वेळी भूल घ्यावी लागते का, हा प्रश्न उरतो.

आता ती नाकपुडी मला दिसली असती का, हा मघाचा मुद्दा. १९८०मध्ये रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही जणांच्या चेहऱ्यावर रंगरंगोटीने व्रण काढला, आरशात दाखवला आणि सांगितलं, आता अनोळखी माणसाशी बोलायला जा, तो कसा वागतो ते बघून या. जाण्याआधी 'व्रणाला तडे जाऊ नयेत म्हणून क्रीम लावतो' असं सांगून तो व्रण गुपचूप पुसून टाकला. या मंडळींना त्याचा पत्ता नव्हता. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरचा माणूस अवघडला होता, टक लावून बघत होता. कशाकडे? चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

माझ्याही कपाळावर एक खूण आहे, लहानपणी पायरीवर आपटल्याची. वीस वर्षं मी त्या बाजूला केस ओढून भांग पाडला. एकदा बहिणीला विचारलं, 'माझी खूण कुठल्या बाजूला आहे गं?' तिने विचार करून चुकीची बाजू सांगितली. एकाच खोलीत वाढलो आम्ही दोघी! मला सुटका झाल्यासारखं वाटलं आणि, खरं सांगते, थोडा रागही आला. इतकी वर्षं मी जे लपवत होते ते बघायला कुणी आलंच नव्हतं.

फोनमधल्या त्या फोटोंबद्दलही थोडं. हातभर अंतरावरूनही नाही, तुम्ही तर त्याहून जवळून काढता. साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. अमेरिकेतल्या सर्जननी २०१८मध्ये ते गणित करून छापलंय. आरशात डावंउजवं उलटं दिसतं, फोटोत सुलटं. त्यामुळे आरशाची सवय झालेल्या डोळ्याला फोटोतला स्वतःचा चेहरा नेहमीच थोडा 'वाकडा' वाटतो. तुमच्याकडे मोजायची पट्टी आहे, पण ती ज्या फोटोवर धरताय तोच ताणलेला आहे.

आता जरा अवघड भाग. तुमच्या पत्रात ऑपरेशनांच्या तारखा पहिल्या दोन पानांवर आहेत आणि आयुष्यातल्या घडामोडी तिसऱ्या पानावर, भलत्याच संदर्भात. मी दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या. २९व्या वर्षी चार वर्षांचं नातं तुटलं, आणि तुटताना तो म्हणाला, 'फोटोत तू समोरूनच बरी दिसतेस.' त्यानंतर सहा महिन्यांत नाक. ३१व्या वर्षी तुमचा विभाग बंद झाला, नोकरी गेली. त्याच वर्षी पुन्हा नाक. ३४व्या वर्षी वडील गेले. पाच महिन्यांनी हनुवटी. आणि आता, कंपनीत वरच्या पदाची जाहिरात लागली त्याच आठवड्यात तुम्हाला नाकपुडी वर चढलेली दिसली. दुसऱ्या ऑपरेशनला पाच वर्षं झाली आहेत. ती नाकपुडी पाच वर्षं तिथेच होती.

तारखा जुळवायचा मोह माझ्यासारख्या सल्ला देणाऱ्यांना फार असतो. जुळल्या म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे मला कळतं. तरी एकदा तुम्ही स्वतः कागदावर लिहून बघा. मला ते 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' वाटलं. वडिलांच्या जाण्याचं दुःख हनुवटीने कसं निभवावं?

आपल्या भाषेनेही नाकावर काय काय लादून ठेवलंय! आब गेली की नाक कापलं जातं, गर्व झाला की ते वर होतं, नावडतं दिसलं की मुरडतं, शरण जायचं तर घासावं लागतं. एवढं सगळं बिचाऱ्या एका अवयवावर. तुम्ही त्यात तुटलेलं नातं, गेलेली नोकरी आणि हुकू पाहणारी बढती यांची भर घातली आहे.

गैरसमज नको म्हणून सांगते, सौंदर्यासाठी ऑपरेशन करणाऱ्यांकडे मी नाक मुरडणारी बाई नाही. या शास्त्राचा आधुनिक पाया पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांसाठी हॅरल्ड गिलीज यांच्यासारख्या सर्जननी घातला. त्या माणसांना लोकांत बसण्याजोगा चेहरा मिळाला. युद्धात न गेलेल्या साध्या माणसालाही एखादी गोष्ट वर्षानुवर्षं खुपत असते, तो एकदा ती दुरुस्त करून घेतो आणि विसरून जातो. बहुतेकांचं असंच होतं आणि ते समाधानी असतात. त्यांचं कारण नेमकं असतं. काय बदलायचं आणि किती, हे त्यांना सांगता येतं, समोरच्यालाही ते दिसतं, आणि ऑपरेशन झाल्यावर आयुष्य त्याच जागी असेल हे त्यांनी धरलेलं असतं. ज्याला सोडून गेलेलं माणूस परत आणायचंय, कुणाला तरी 'बघ आता' म्हणून दाखवायचंय, चेहऱ्याच्या जोरावर नोकरी मिळवायचीय किंवा फिल्टर लावलेल्या स्वतःच्याच फोटोसारखं दिसायचंय, त्याला उत्तम सर्जनही निराशच करणार. ऑपरेशनच्या बेतात असलेल्या कुणालाही मी एक प्रश्न विचारते : हे झाल्यावर तुम्ही असं काय कराल, जे आज करत नाही? उत्तर 'काही विशेष नाही, मला बरं वाटेल' असं आलं तर मला फारशी काळजी वाटत नाही. उत्तर लांबलचक आलं की वाटते. तुमचं उत्तर पाऊण पानाचं आहे : मुलाखत, कॅमेरा, नवऱ्याशी मोकळं बोलणं, गाण्याचा क्लास. नाक आणि गाण्याचा क्लास यांचा संबंध मला अजून लागलेला नाही.

'शरीर माझं' हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. नवऱ्याची परवानगी घ्या असं मी कधीच सांगणार नाही. 'पैसे माझे' हे तितकंसं नाही, ते सध्या बँकेचे आहेत. पण मला खरी खुपली ती लपवाछपवी. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही मैत्रिणींना सांगून, हसतखेळत गेला होतात. आता 'ट्रेनिंगला जाते' असं सांगून आठवडाभर कुठेतरी राहायचा बेत आहे. नाकाला पट्टी बांधलेल्या अवस्थेत, एकटीने. परवानगी मागू नका, पण सांगा. आणि सांगताना ऑपरेशनपासून सुरुवात करू नका. 'मला रोज तास-दीड तास आरशापुढे जातो आणि मी त्याला कंटाळलेय,' एवढं म्हणून बघा. 'व्यसन' म्हणणारा तोच माणूस या वाक्याला कदाचित वेगळं उत्तर देईल.

'हे शेवटचंच' यावर फार बोलत नाही. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आईला हेच सांगितलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय.

तर करायचं काय? डॉक्टरांनी लिहून दिलेला तो कागद फेकला नसेल तर अपॉइंटमेंट घ्या. फेकला असेल तर दुसरे मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. ओसीडीवर काम करणारे असतील तर उत्तम. काय बोलायचं हे सुचणार नाही, तेव्हा मला पाठवलेलं हेच पत्र त्यांच्या हातात द्या. ते तुम्हाला 'तू सुंदर आहेस' हे पटवत बसणार नाहीत. या त्रासावर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी चांगली लागू पडते. जे टाळता ते थोडंथोडं करायला लावतात, आणि जे वारंवार तपासता ते हळूहळू सोडायला. कॅमेरा पाच मिनिटं सुरू ठेवायचा, जीव घाबरा होतो, होऊ द्यायचा, तो आपोआप ओसरतो हे अनुभवायचं. गरज वाटली तर गोळ्याही देतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. या आजारात माणसं कधीकधी फार खोल निराशेत जातात. जगणं नको असे विचार तुमच्या किंवा हे वाचणाऱ्या कुणाच्याही मनात येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आजच घरातल्या माणसाला सांगा आणि त्याला बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

तोवर घरच्या घरी सुरू करण्यासारखं काही. आरसे झाकून ठेवू नका, ती तपासण्याचीच दुसरी बाजू झाली. आरशापासून हातभर लांब उभं राहायचं, केस विंचरायला लागतात तेवढाच वेळ, आणि नाकाकडे नाही तर अख्ख्या चेहऱ्याकडे बघायचं. मोठं करून दाखवणारा तो छोटा आरसा मात्र घरातून जाऊ द्या. फोनमधल्या त्या तीनशे फोटोंचं काय करायचं हे तज्ज्ञांशी बोलून ठरवा, पण नवे काढणं आजपासून बंद. आणि नवऱ्याला 'वाकडं दिसतंय का?' विचारणं थांबवा. तो 'नाही' म्हणतो, तुम्हाला दहा मिनिटं बरं वाटतं, मग 'तो मन राखायला म्हणाला' असं वाटतं आणि पुन्हा प्रश्न. त्यालाही सांगून ठेवा, प्रश्न आला तर नाकाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, 'चल, चक्कर मारून येऊ' म्हणायचं. घरात असं कुणी असेल त्या वाचकांनीही हे लक्षात ठेवा. थट्टेने हे थांबत नाही, आणि शंभरदा केलेल्या कौतुकानेही नाही.

फिलरचंही थोडं थोपवा. 'ते काय, फक्त इंजेक्शन' असं तुम्ही लिहिता. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवता येतं हे खरं, पण चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. आणि जी गोष्ट काही महिन्यांत उतरते तिची पुढची तारीख पहिल्याच तारखेला ठरलेली असते.

एवढं करून, उपचार नीट घेऊन, वर्षभराने तुम्हाला तरीही ते तिसरं ऑपरेशन हवंसं वाटलं तर? तर मी तुम्हाला अडवणारी कोण. फक्त तेव्हा आधी झालेलं सगळं, फिलरसकट, नव्या डॉक्टरांना सांगा. कूर्चा कुठून घेणार, श्वासावर काय परिणाम होईल, बिघडलं तर पुढे काय, हे विचारा. आणि 'तुम्ही आजवर कुणाला नाही म्हणाला आहात का?' असंही विचारा. जे कुणालाच नाही म्हणत नाहीत त्यांच्या होकाराची किंमत करणं कठीण.

आता ती मुलाखत. साडेतीन पानं नाकाची झाल्यावर, सही करण्याआधी, तुम्ही एक ओळ लिहिली आहे : 'बढतीच्या मुलाखतीला मी गेले नाही, असा चेहरा घेऊन समोर बसणं जमलं नसतं. त्यांना कुणी पसंत पडलं नाही, आता पुन्हा अर्ज मागवलेत, पण तोवर माझी पट्टी निघालेली नसेल.' अकरा वर्षं तुम्ही याच प्रकारचं काम करताय. मुलाखत घेणाऱ्यांना काय बघायचं असेल याचा अंदाज माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त. ऑपरेशन होणार नसेल तर पट्टीचा प्रश्न उरत नाही. अर्जाची शेवटची तारीख मात्र तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. ती आधी बघा.